मोटारीचे चौथे चाक

गौरावहिनी,

डॉक्टरांना आणण्यासाठी मी पहाटेच्या गाडीने परभणीला निघालो आहे. तुमचा नुकताच डोळा लागला होता, म्हणून उठवले नाही. अण्णांची पेज चुलीजवळ झाकून ठेवली आहे.

अण्णा चालवीत त्या जिंतूरच्या प्रवासी सर्व्हिस मोटारीची लाकडी प्रतिकृती मी करतो आहे, हे तुम्ही जाणताच. पहिली चाके ओल्या कडुलिंबाची कातली आणि ती वाळताच वेडीवाकडी झाली. तेव्हा अण्णा हसून म्हणाले, "शिवरुद्रा, तुझी मोटार लंगडायलीय की रे. हिला नीट पळताना बघतो, मग मी जायला मोकळा."

त्या शब्दांनी माझे हात जड झाले. तरीही वाळलेल्या शिसवीची तीन चाके झाली, आणि काल चौथेही झाले. ते मी ज्वारीच्या कणगीत लपवले आहे. कृपा करून अण्णांना दाखवू नका.

चाके कातायला पायाने चालणारा हा लहान खराद मी मुद्दाम निवडला होता, कारण तो त्यांच्या शेजारच्या खोलीत मावतो. त्याचा आवाज ऐकत ते शांत पडून असतात. आज तो थांबला, तर काम संपल्याचे त्यांना कळेल. याहून अधिक माझ्याने काहीच होत नाही, वहिनी. दुपारी थोडा वेळ बसून खराद रिकामाच फिरवा.

शिवरुद्र