शिंदखेड्याला न पोचलेली सूचना

मॅडम, तुम्ही गेल्यावर तुमचं पॅकेज मी सांभाळायला घेतलं, हे तुम्हाला ठाऊक नाही. दूरच्या सर्व्हरवर नजर ठेवणारं ते सॉफ्टवेअर. डिस्क भरत आली, काही बंद पडलं, की ते सांभाळणाऱ्याच्या मोबाइलवर सूचना पाठवतं. लिहिलं दुसऱ्यांनी, पण लिनक्सवर चालणाऱ्या कुठल्याही संगणकावर ते सहज बसावं, अपडेट व्हावं, म्हणून त्याचं पॅकेज तुम्ही बांधत होता, कॉलेजची नोकरी करून. जळगावात पिंप्राळ्यातल्या तुमच्या स्वयंपाकघरात मी ते शिकले. तुम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापताय, लॅपटॉप ओट्याच्या कडेला आहे, मी स्टुलावर बसलेय. माझ्या पहिल्याच पॅकेजनं वापरणाऱ्याची सेटिंगची फाइल पुसून तिथं नवी टाकली. तुम्ही पिठाच्या हातानंच लॅपटॉप मिटलात.

"ही फाइल कुणाची?"

"पॅकेजची," मी म्हणाले.

"नाही. वापरणाऱ्यानं तिला हात लावला की ती त्याची. विचारल्याशिवाय बदलायची नाही." मग जेवताना भरीत मात्र आग्रहानं वाढलंत.

यंदा प्रवेशाच्या दिवसांत मी नेमकं तेच केलं. नव्या आवृत्तीत सेटिंगची मांडणी बदलली होती. लोकांच्या जुन्या फायली सांभाळून पुढे न्यायचं काम किचकट होतं आणि मला कंटाळा आला होता. म्हणून अपडेटबरोबर सगळ्यांच्या फायलींवर मी नवी कोरी फाइल टाकली; सूचना कुणाच्या मोबाइलवर पाठवायची, हे तिच्यात उरलं नाही. शिंदखेड्याच्या एका कॉलेजात सर्व्हर सांभाळणाऱ्या गृहस्थांनी लिहिलं, अपडेट केल्यापासून सूचना येत नाहीत, माझंच काही चुकतंय का? मी उत्तर दिलं, "आधी माहिती नीट वाचा." त्यांनी माफी मागितली. मला ती मिळाल्याचं बरंसुद्धा वाटलं. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या सर्व्हरची डिस्क भरली, कुणाला कळलं नाही, आणि मुलांनी भरलेले प्रवेशाचे अर्ज साठलेच नाहीत. हे त्यांनी पुन्हा लिहून कळवलं. त्यात तक्रारीचा शब्द नव्हता. मी धुळ्याची एसटी पकडली, तिथून शिंदखेडा.

त्या गृहस्थांना तिथं सगळे नाना म्हणतात. केस पांढरे, चष्मा दोरीनं गळ्यात. संगणकाच्या खोलीबाहेर व्हरांड्यात पोरं आणि त्यांचे आईबाप बसलेत, पुन्हा अर्ज भरायला बोलावलेले. नाना मला आत नेताना त्यांना सांगतात, "या ताई जळगावहून आपल्या मदतीला आल्यात." मी तिथंच बोलायला हवं होतं. मी मान हलवली आणि खुर्चीत बसले. नानांना विचारून जुन्या सेटिंग परत बसवल्या, डिस्क मोकळी केली, चाचणीची सूचना नानांच्या मोबाइलवर वाजली. सातपुड्याच्या पायथ्याकडून एक बाई मुलीला घेऊन आली होती, निंदणीचं काम सोडून, दुसऱ्यांदा. मुलीचा अर्ज जमा झाल्यावर ती माझ्याजवळ आली.

"आते बठ्ठं व्हयनं ना, ताई?"

"हो, झालं सगळं."

"तुन्हामुये व्हयनं." माझ्यामुळे झालं, असं म्हणत तिनं पिशवीतून भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा काढून माझ्या ओंजळीत घातल्या. मी त्या घेतल्या, मॅडम. हात मागे घेतला नाही.

नाना स्टँडपर्यंत सोडायला आले. मी म्हटलं, "नाना, चूक माझ्या अपडेटची होती. तुम्हाला कळलं होतं ना?"

"कळलं होतं."

"मग त्या लोकांना सांगितलं का नाही?"

"त्यांना प्रवेश पाहिजे होता," नाना म्हणाले. "तुमची चूक घेऊन ते काय करतील?" आणि गाडी धुळ्याची आहे ना, हे कंडक्टरला विचारायला ते पुढे गेले. सांत्वन नाही, राग नाही. धुळं येईपर्यंत मी त्या शेंगा खाऊन संपवल्या, कारण भूक लागली होती, आणि त्याचीही लाज वाटत राहिली.

आता दुरुस्त पॅकेज बाहेर पडलंय. ते विचारल्याशिवाय कुणाच्या फाइलला हात लावत नाही. हे पत्र पाठवायचं तरी कुठे? तुमच्या जुन्या ईमेलवर येणारं सगळं माझ्याकडेच वळवलेलं आहे. नव्या आवृत्तीत काय बदललं आणि का, हे वापरणाऱ्यांसाठी पॅकेजसोबतच्या नोंदीत लिहायचं असतं. तिथं मी ही सगळी हकिकत लिहायला बसले होते. मग ती खोडली आणि लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'.