मानाची चटई

ऑकलंड, १२ मार्च १९९६

ती. लेसिएली आत्यास,
तोआकासेचा सा. न. वि. वि.

लंडनहून परतून महिना झाला. सहा वर्षं परक्यांच्या खिडक्यांना पडदे शिवले. आता पडद्यावरची नक्षी स्वतः काढायला शिकावी म्हणून इथल्या डिझाइन कॉलेजात वर्षाचा अभ्यासक्रम घेतला आहे. वर्गात सगळ्यांत थोराड मीच. बाबा बरे आहेत. आई गेल्यापासून त्यांचा सगळा जीव परसातल्या अळवावर आहे, माझा नंबर त्यानंतर.

लिहायचं कारण वेगळं. नक्षीकाम शिकवणाऱ्या बाई आपल्या वावाऊ बेटाच्याच, पिसिला नाव. एका बड्या हॉटेलासाठी त्यांनी केलेले पडदे वर्गात टांगले आहेत. ते पाहून मी दारातच थबकले. तीन पंखे, मधे चांदणी, आणि तिसऱ्या पंख्यात एक काडी कमी. आजीच्या नगातूवर, म्हणजे लहानपणी तुम्ही मला ज्या झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळायचात त्यावर, हीच नक्षी आहे आणि हीच काडी कमी आहे. पडद्याखाली पाटी आहे, मूळ कल्पना पिसिला अशी. वर्षअखेरीस माझं काम तपासणार त्याच. काय करू, कळवा.

तुमची माया आणि तुमचा धाक, दोन्ही असेच राहू द्या.

तुमची,
तोआकासे


नेयाफू, वावाऊ, २ एप्रिल १९९६

चि. तोआकासेस अनेक आशीर्वाद.

पत्र शाळेच्या कचेरीत वाचलं. शिपायाला वाटलं, मुख्याध्यापिकेला झटका आला. ते नाव मी तीस वर्षं तोंडातून काढलेलं नाही.

अध्यापक विद्यालयात पिसिला माझ्या खोलीत राहायची. सन सहासष्टच्या सुट्टीत अकरा दिवस ती आपल्या घरी होती. माझ्या आईच्या हातचं खाल्लं, तिच्या शेजारी बसून साल कुटली. ती गेली आणि पाठोपाठ आईची कुपेसी गेली. नारळाच्या पानांच्या शिरा टाचून आईने तो नक्षीचा साचा केला होता. त्यावर कापड पसरून रंग घासला की नक्षी उठायची. घराण्याचा साचा तो, बाहेरच्याने वापरायचा नसतो. आई पुढे पाच वर्षं जगली आणि पाचही वर्षं दुसऱ्यांच्या साच्यावर रंग घासत राहिली. मी पिसिलाला पत्र लिहून तिला चोर म्हटलं. उत्तर आलं नाही. निर्दोष माणूस गप्प बसतं का?

आता तू नीट वाग. वर्गात मान खाली, हो बाई, बरं बाई. तिच्याकडे शिकण्यासारखं असेल ते सगळं उपसून घे. वर्षअखेरीच्या प्रदर्शनाला हॉटेलवाले येतील ना? तोवर कळ काढ. त्या साच्यावरचं आईचं शेवटचं नगातू माझ्यापाशी आहे. साठ फूट लांब, कडेला तिच्या हातचे मापाचे आकडे. ते बोटीने पाठवते. उलगडायला चर्चमधल्या तुझ्या मावश्या आहेत, त्यांना वेगळं शिकवावं लागणार नाही. माणूस लाजेने कसं मरतं ते मला पाहायचं होतं, पण शाळा सोडून येता येत नाही. तू पाहून लिही, एकही तपशील गाळू नकोस.

बाबाला मात्र अवाक्षर कळवायचं नाही. मुलीबाळींचा विषय बहिणीने भावापाशी काढायचा नसतो. मी तेव्हाही काढला नाही, आता तुझ्या तोंडून निघायला नको.

लंडनमध्ये जेवत नव्हतीस म्हणे. खात जा. सुडाला ताकद लागते.

तुझी,
लेसिएली आत्या


ऑकलंड, २४ नोव्हेंबर १९९६

ती. आत्यास सा. न. वि. वि.

काम फत्ते झालं. तरी हे पत्र बसून वाचा.

नऊ मावश्या आल्या, काळे कपडे, कमरेला समारंभाच्या चटया बांधून. दरवाजापासून त्यांनी नगातू उलगडायला घेतलं ते पिसिलाबाईंच्या पडद्यापाशी नेऊन थांबवलं. सेइनी मावशीने भर सभागृहात विचारलं, की बाई, कल्पना मूळची तुमची, मग हे साठ फूट काय आमच्या म्हातारीला स्वप्नात पडलं? बायका हसल्या. हॉटेलच्या साहेबाने कराराचे कागद मिटून पिशवीत टाकले. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

पिसिलाबाई पुढे आल्या. चपला काढून नगातूपाशी गुडघ्यावर बसल्या, तिसऱ्या पंख्यावरून हात फिरवला आणि उठल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या, की बापाला विचार.

मी विचारलं. तुमचा शब्द मोडला. बाबा अळवाला पाणी घालत होते. नळ तसाच वाहत राहिला. आत्या, साचा बाबांनी दिला होता. आजीच्या पेटीतून काढून, पिसिलाबाईंना लग्नाचं वचन म्हणून. पुढच्या वर्षी ते इकडे आले, आई भेटली, आणि तिकडे एक ओळही लिहिली नाही. आत्याला का सांगितलं नाही म्हणून विचारलं, तर मलाच वेड लागलंय असं पाहत राहिले. प्रेमाची गोष्ट बहिणीपाशी कशी काढायची, म्हणाले. आणि पिसिलाबाईंनीही त्याचसाठी तोंड उघडलं नाही. भावाची भानगड बहिणीच्या कानावर घालणं म्हणजे तुमचा अपमान. त्यापेक्षा त्यांनी चोर म्हणवून घेतलं.

हॉटेलाचं काम गेलं. कॉलेजातली नोकरी त्यांनीच सोडली. जायच्या आधी माझं काम तपासून गेल्या. मी वर्गात पहिली आहे. तो कागद मला हातात धरवत नाही.

रागवा, पण लिहा.

तोआकासे


नेयाफू, २० डिसेंबर १९९६

चि. तोआकासेस आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. आठ दिवस कुणाशी बोलले नाही. शाळेतली शिस्त बरीच सुधारली.

पिसिलाला पत्र लिहिलं. चार ओळी, त्यांत माफी दोनदा. कॉलेजाला आणि हॉटेलालाही लिहिलं, की साचा तिला घरच्याच माणसाने दिलेला होता. दिलेली वस्तू मी परत मागत नाही, तो तिच्यापाशीच राहील. पण पाटीवर माझ्या आईचं नाव लागलं पाहिजे. पिसिला चोर नाही, पण मूळ कल्पना तिची हेही खरं नाही. मागणी तिने मान्य केली आहे.

आता तुझा बाप. एका मुलीला तीस वर्षं चोर म्हणू दिलं. आई रिकामी पेटी उघडून पाहायची तेही पाहिलं. माझ्याशी बोलायला नको म्हणून माझ्याच मानाच्या आड लपला. मलाही त्याला काही विचारता येत नाही, हे तो पक्कं ओळखून आहे. मग मी त्या मानानेच वसूल करते.

मे महिन्यात तुझ्या पदविकेची मेजवानी आहे. बापाची मोठी बहीण म्हणून तिथे फाहू मी. सगळ्यांत वरची चटई माझी, पहिलं ताट माझं, आणि माझ्या शब्दापुढे त्या घरात दुसरा शब्द नाही. मी येणार नाही. माझ्या जागी पिसिला बसेल. पहिलं ताट तुझ्या बापाने स्वतः न्यायचं, सगळ्या वावाऊकरांदेखत. का, असं त्याला विचारायचं असेल तर मलाच विचारावं लागेल, आणि ते त्याला या जन्मी जमायचं नाही.

पिसिला येते म्हणाली. फक्त कमरेला कुठली चटई बांधू, एवढं विचारलंय. मी माझीच पाठवते आहे.

तू पहिली आलीस ते तिने फुकट दिलेलं नाही. कागद भिंतीवर लाव.

तुझी,
लेसिएली आत्या


ऑकलंड, १९ मे १९९७

ती. ताईंस,
पेनिसिमानीचा शि. सा. न. वि. वि.

आपल्या आशीर्वादाने तोआकासेच्या पदविकेची मेजवानी शनिवारी पार पडली. दीडशे माणसं होती. चार डुकरं भाजली. हवा कोरडी होती. अळू यंदा बरा आला आहे.

आज्ञेप्रमाणे वरची चटई मांडली होती. आपण पाठवलेल्या पाहुण्या अकराला आल्या. पहिलं ताट मी नेलं आणि रीतीप्रमाणे गुडघ्यावर बसून पुढे धरलं. पाहुण्या सेइनीताईंशी बोलत होत्या. त्यांचं बोलणं संपायला वेळ लागला. मग मीठ कमी असल्याचं त्यांनी सांगितलं. मी ताट नेऊन पुन्हा आणलं. मग रताळं गार असल्याचं सांगितलं. मी पुन्हा आणलं. लोक जेवायचे थांबून पाहत होते.

तिसऱ्या वेळी त्यांनी ताट ठेवून घेतलं. मला उठायला सांगायचं मात्र त्या विसरल्या. मेजवानी चारला संपली.

गुडघे आता बरे आहेत. घरातला आपला मान असाच आमच्या हातून राखला जावो.

आपला आज्ञाधारक भाऊ,
पेनिसिमानी