पितळेची मूठ

४ मार्च
आज नवरा जेवायच्या टेबलावर आलाच नाही. कालचा प्रताप नणंदबाईंचा. सूप भरलेला चमचा पुढे करून म्हणाल्या, "दादा, आ कर बघू!" चोवीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये केसाएवढी चूक न खपवलेला माणूस! उठला, निघून गेला. हात थरथरतो, सूप सदऱ्यावर सांडतं, सगळं मान्य. पण आ करणार नाही. आता म्हणतो, भूकच नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, चमचा जड असला तर थरथर थोडी आवरते. मागच्या खोलीत त्याचा लेथ धूळ खात पडलाय. पितळेचा दांडाही आहे. म्हटलं, चमच्याला जाड मूठ बसवू. हात माझे, डोकं तुझं.

"तू? लेथवर?" — आणि हसला! दोन महिन्यांनी. म्हणजे काम मंजूर.

६ मार्च
यंत्र किंचाळलं. पितळेवर नुसत्या लाटा! हा स्टुलावरून ओरडला, "बंद कर! अगं, कापायचं टूल केवढं बाहेर काढलंयस, जीभ काढून वेडावल्यासारखं! आत घे. आवळ."

आत घेतलं. आवळलं. एकदम शांत, आणि पितळ आरशासारखं.

यंत्राची थरथर एका पान्यात गेली. मी त्याच्या हाताकडे पाहिलं नाही. त्यानेही नाही.

७ मार्च
भोक तिरकं गेलं, कुशीतून बाहेर आलं.

"आधी मधोमध सेंटरची खूण न मारता ड्रिल घुसवलंस ना, लेखिकाबाई? तुझे लेखही असेच भरकटतात."

जन्मभर लोकांच्या चुका काढून नाव कमावलं. वीतभर पितळेने माझ्या काढल्या, तेही नवऱ्यादेखत! हा डोळ्यांत पाणी येईतो हसला. आणि हसण्याच्या भरात माझ्यासमोर, स्वतःच्या हाताने दोन बिस्किटं खाल्ली. निम्मा चुरा जमिनीवर. तो झाडताना मला कोण आनंद!

१० मार्च
तिसरा तुकडा. बोट कापलं. त्याला सांगितलं नाही.

११ मार्च
भोक सरळ! पहिल्यांदाच. चमचा आत घातला तर खुळखुळा. चमच्याचा दांडा मोजला, सहा मिलिमीटर. भोक आठ.

"मी सहाच म्हणालो होतो," तो म्हणाला. "तू ऐकतेस कुठे? बोलत असतेस."

त्याने सांगितल्याबरोबर मी खडूने भिंतीवर लिहून ठेवलं होतं. आठ. त्याच्या पाठीमागेच होतं. वळला असता तर दिसलं असतं. मी सव्वीस वर्षांत एकही भांडण अर्धवट सोडलेलं नाही. पण हा बाहेर गेल्यावर पदराने आकडा पुसला.

औषधाची गुंगी असेल. डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं.

१२ मार्च
फोन हातात घेतला. ठेवला.

१४ मार्च
नवा तुकडा. टूल ठीक, सेंटर ठीक. हा खुशीत. "आता आठचं ड्रिल लाव."

मी म्हटलं, "बरं." आणि सहाचं लावलं. त्याच्यासमोर, बिनदिक्कत. त्याने पाहिलंही नाही! ज्याला ड्रिल नुसतं हातात घेऊन माप कळायचं, तो माणूस.

चमचा गच्च बसला. तो म्हणाला, "बघ! माझं ऐकलं की असं होतं." मी म्हटलं, "कधी नव्हे ते ऐकलं." मग त्याने मुठीच्या कडेवरून बोट फिरवलं. "इथे धार राहिलीय. कानस मार, हाताला लागेल." बरोबर होतं. खरंच राहिली होती. तेवढ्यानेही मला किती बरं वाटलं!

१५ मार्च
नणंदबाईंना फोन केला — उद्या दुपारी जेवायला या. आणि कृपा करून हाताची घडी घालून बसा. "वहिनी, मी काय राक्षसीण आहे का?" म्हणाल्या. मग रडल्या.

१६ मार्च
टेबलावर आला. बहिणीसमोर वाटीभर सूप संपवलं. सदरा कोरडा! नणंदबाईंनी हाताची घडी सोडली नाही.

मग चमचा पुसला, उलटा-सुलटा करून पाहिला. माझ्याकडे वळून अदबीने म्हणाला, "सुरेख काम आहे. तुम्ही केलंत?"

तुम्ही.