जित्या लाकडातला भुंगेरा

५ नोव्हेंबर १९७३, कोरेगाव

सकाळच्या गाडीने मिरजेहून निघून कोरेगावला उतरलो. सुभेदार तात्याबा स्वतः बैलगाडी जुंपून स्टेशनावर हजर! पलटणीतली शेवटची वर्षं त्यांनी अंदमानाच्याही पलीकडच्या दोन बेटांवर काढली. तिथले लांब मिशांचे भुंगेरे बिस्किटांच्या डब्यांत भरून आणलेत, ते आमच्या सांगलीच्या कॉलेजला द्यायचेत. जाती ओळखून नावं लावायला सरांनी मला पाठवलं. डेमॉन्स्ट्रेटर झाल्यापासूनचं हे पहिलं स्वतंत्र काम. डबे उघडले आणि हरखून गेलो. काळ्या पाठीवर पिवळे ठिपके, मिशा अंगाच्या दुप्पट. बयाबाईंनी, म्हणजे सुभेदारांच्या मंडळींनी, भाकरी आणि पावट्याची आमटी आग्रहाने वाढली. पांघरायला सुभेदारांचं पलटणीतलं ब्लँकेट दिलं. ऊब छान आहे.

७ नोव्हेंबर

सुभेदारांच्या मते सगळे एकाच जातीचे. मलाही आधी तसंच वाटलं. दोन्ही बेटांवरचे शेजारी ठेवले तर ठिपकासुद्धा इकडचा तिकडे नाही. पण भिंगाखाली फरक सापडला. थोरल्या बेटावरच्याच्या मिशांचे सांधे गुळगुळीत, धाकट्या बेटावरच्याच्या सांध्यांवर बारीक केस. ग्रंथाप्रमाणे गुळगुळीताची अळी मेलेल्या लाकडात वाढते, केसाळाची फक्त जित्या झाडात. मी हे उत्साहाने सांगितलं, तर सुभेदार नुसते हसले. त्यांच्या हातात चहाचा पितळी पेला होता. इतका कढत की मला त्याला बोट लावता आलं नव्हतं. ते तो तळहातावर धरून बसले होते.

१० नोव्हेंबर

खिडकीत जिवंत भुंगेरा सापडला. केसाळ जात. पंख अजून मऊ, म्हणजे नुकताच बाहेर पडलेला. बेटावरचा प्राणी इथे कुठून आला? खाटा, चौकटी, तुळया, सगळं ठोकून पाहिलं. अब्बा सतारी बनवतात, त्यामुळे पोखरलेलं लाकूड मला आवाजावरून कळतं. घर धडधाकट आहे. अंगणातल्या आंब्यालाही भोक नाही.

बयाबाई रोज सकाळी सुभेदारांचं अंथरूण झटकतात. आज पाहिलं, त्यातून पिठासारखा भुगा पडतो. चिमटीत घेऊन वास घेतला. लाकडाचा नाही.

खांद्याला खाज सुटली आहे. पिसवा असतील.

११ नोव्हेंबर

बयाबाईंना भुग्याचं विचारलं. त्या शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिकडनं आल्यापास्नं हाय त्यांस्नी. आदी लय खाजायचं. आता कायबी कळत न्हाई."

सुभेदारांनी सदरा वर केला. पाठीला भोकं होती. गोल, पेन्सिल जाईल एवढी. रक्त नाही. एका भोकात पांढरं काहीतरी हललं आणि आत गेलं. साताऱ्याला डॉक्टरकडे चला म्हणून मी हात जोडले.

"दुखतच न्हाई तर डाक्टर कशाला, मास्तर?"

मग त्यांनी माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. मी तो प्यालो. पळून जायला हवं होतं. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही, याचंच —

१३ नोव्हेंबर

सुभेदार गेले. दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. बयाबाईंनी त्यांना एकटीने उचलून अंगणात आणलं, सूप उचलावं तसं. मी पायांना हात लावला. वजनच नव्हतं. चिता लवकर विझली.

बयाबाई रडल्या नाहीत. मीही नाही. निघताना त्यांनी विचारलं, "तुमास्नी खाजतंय का?"

नाही म्हणालो. खरंच खाजत नाही. काल खाजत होतं.

१४ नोव्हेंबर, मिरज

डबे सांगलीला कॉलेजात पोचवले. सरांनी पाठ थोपटली. कळलं नाही. आवाज आला म्हणून समजलं.

त्यांना सांगणार होतो. सांगायचं राहून —

१६ नोव्हेंबर

उशीवर पीठ. पुसून टाकलं.

अब्बांनी खांद्यावर हात ठेवला, मग दचकून काढून घेतला. लाकूड निवडताना टिचकी मारतात तसं बोट उचललं त्यांनी. टिचकी मारली नाही. दुकानात निघून गेले.

१७ नोव्हेंबर

अम्मी डोक्याला तेल लावायला मागे बसली आहे. लिहितोय. तिची बोटं कळत नाहीत —

थांबली. मानेवर दोन लांब काळे केस आलेत म्हणते. ओढून काढू का विचारते. मी काढ म्हणालो.

ओढते आहे. निघत नाहीत म्हणते. उठून मागे सरकायला बघते — हुसेन, म्हणते, हे माझ्या बोटाला गुंडा —