आमच्यासमोरचं नको

३ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे! घर फोटोतल्यापेक्षा चांगलं निघालं, हे माझ्या नशिबात पहिल्यांदाच घडतंय. दोन खोल्या, मोठ्या खिडकीचं स्वयंपाकघर, पुढे व्हरांडा. भाडं इतकं कमी की घरात साप तरी असणार, असं मी दादाला म्हटलं. गावाची रचना मजेशीर आहे. एकच लांबलचक रस्ता, एका बाजूला घरं आणि दुसऱ्या बाजूला लगेच जंगल. जंगलाची पहिली रांग अशी की प्रत्येक घरासमोर बरोबर एक झाड येतं.

दादाला व्हरांड्यात खुर्ची मांडून दिली. त्याने सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाला, ‘बरं.’ झटका आल्यापासून त्याच्याकडे हा एकच शब्द उरलाय. ज्याने जन्मभर स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या, आईबाबांच्या माघारी ओरडून ओरडून मला शाळेत धाडलं, त्याच्या वाट्याला एक शब्द! पण त्या एकातच तो सगळं बसवतो. चहा बिघडला की निराळं बरं, मी गायला लागले की त्याहून निराळं. उजवा हात आणि उजवा पाय अजून ऐकत नाहीत. मोकळ्या हवेत फरक पडेल असं डॉक्टर म्हणाले, म्हणून तर मी ही बदली मागून घेतली.

आमच्यासमोरचं झाडही उजव्या अंगाने वाळलेलं आहे. दादाला म्हटलं, घे, तुला जोडीदार मिळाला.

७ फेब्रुवारी

कामावर रुजू झाले. जंगलाची निगा कशी राखावी याबद्दल लोकांना काय वाटतं, ते घरोघरी जाऊन विचारायचं, आणि मग विरळणीसाठी, म्हणजे दाटी कमी करायला काढायच्या झाडांवर खूण करायची. मोठ्या कारकुनांनी बजावून सांगितलं की मत लोकांचं असलं तरी खूण माझ्या हाताची, आणि तोडीचा मुकादम फक्त खूण बघतो. लाल आणि पांढऱ्या रंगाचे डबे दिले. कशाला कुठला, हे काही ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. इतकी वर्षं हेच करतेय, लाल म्हणजे काढायचं आणि पांढरं म्हणजे राखायचं.

गंमत म्हणजे गावातल्या घरांसमोरच्या जवळजवळ सगळ्या झाडांवर जुने, विटके लाल ठिपके आहेत. कधीची शिक्षा झालेली झाडं, अजून उभीच! सरकारी कारभारात फाशीसुद्धा फायलीत अडकते. वखारीतल्या ओंडक्यांना मात्र कमरेला नीटनेटका पांढरा पट्टा. इथले लोक लाकूड नटवून विकतात वाटतं. दादा यावर हसला, डाव्या गालाने का होईना.

१२ फेब्रुवारी

शाळेच्या हॉलमध्ये ओळखीची सभा झाली. मी फर्मास बोलले. जंगलाला हातच लावायचा नाही हा हट्ट बरा नव्हे, दाटीत रोग पसरतो, एका बाजूने वाळलेलं झाड आधी काढावं, म्हणजे बाकीच्यांना जागा आणि ऊन मिळतं, यात भावना आड येऊ देऊ नये, वगैरे. टाळ्या पडल्या. शेजारची शिंपीणकाकू तर रुमालाने डोळे टिपत होती. आपल्या भाषणाने कुणी रडलं, हा अनुभव नवा आहे.

२० फेब्रुवारी

निम्मी घरं झाली. असा झाडांवर जीव टाकणारा गाव मी पाहिला नाही. बेकरीवाला सकाळी दुकान उघडायच्या आधी समोरच्या झाडाला पाणी घालतो. शिंपीणकाकूने आपल्यासमोरच्या रोपट्याला गोणपाट शिवून घातलंय, बाह्या तेवढ्या लावायच्या राहिल्यात.

उत्तरं मात्र सगळीकडे एकच. विरळणी हवी, दरवर्षी एक तरी झाड निघायलाच हवं, पण आमच्यासमोरचं नको. मग कुणासमोरचं, असं विचारलं की लोक चपलांकडे बघतात आणि हळूच म्हणतात, ताई, तुमच्यासमोरचं आहेच की वाळलेलं.

मला हसू येतं. जगात कुठेही जा, जंगल सगळ्यांना हवं आणि कुऱ्हाड शेजारी चालावी.

१ मार्च

आज आनंदच आनंद! दादाने उजव्या हाताचं बोट हलवलं. आधी वाटलं वाऱ्याने चादर हलली. मग त्याने पुन्हा हलवून दाखवलं, आणि ‘बरं?’ असं विचारलं, लहानपणी जादूचा प्रयोग झाल्यावर विचारायचा तसं. मी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडले.

समोरच्या झाडालाही वाळलेल्या अंगाला पालवी फुटलीय. एवढीशी, तांबूस. दादा दिवसभर तिकडेच बघत होता.

६ मार्च

पालवी फुटली म्हणजे झाड आतून किती धडधाकट आहे ते बघावं म्हटलं. पोकळ गिरमिट खोडात फिरवून पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी काढतात, रोजचंच काम आहे. गिरमिट आत शिरलं आणि व्हरांड्यातून दादा ओरडला. शब्द नव्हता, नुसता ओरडला. धावत गेले तर बरगडीखाली सदरा ओला. बारीक, गोल भोक, कडा अगदी स्वच्छ. दवाखान्यातल्या परिचारिकेने काही न विचारता पट्टी बांधली. परत येऊन बघते तर बेकरीवाल्याने आमच्या झाडाचं भोक मेणाने बुजवलं होतं. माझ्याकडे न बघताच निघून गेला.

खुर्चीचा खिळा लागला असेल. खुर्ची दोनदा तपासली. खिळा नाही.

८ मार्च

शिंपीणकाकूला जाऊन विचारलं. तिने मशीन थांबवलं नाही, बोलली ती त्या खडखडाटातच. म्हणाली, तुम्ही यायच्या आदल्या आठवड्यात ते झाड दोन्ही अंगांनी भरगच्च होतं, ताई. इथे घरात जे माणूस नाजूक, समोरचं झाड त्याचं होतं. मागे एकदा बाहेरच्यांनी येऊन समजावलं, जंगलाला हात लावू नका, आणि सगळ्यांना ते पटलं. त्या साली एकही झाड निघालं नाही. मग पानांवर करपा आला, आणि शाळेतला बालवर्ग रिकामा झाला. त्यात तिची धाकटी मुलगी होती.

तेव्हापासून दरसाल एक. आणि आमचं हे घर बाहेरच्यांना भाड्याने देतात.

मी म्हटलं, हे काय बोलता तुम्ही? तेव्हा कुठे तिने मशीन थांबवलं. तुम्हीच तर सभेत सांगितलंत, ताई, असं म्हणून ती रडायला लागली. तिच्या रोपट्याला गोणपाट आहे ते नातवासाठी.

९ मार्च

पहिल्या बसने दादाला घेऊन निघाले. सामान तसंच टाकलं. वळणापर्यंत ठीक होता, खिडकीतून मागे बघत होता. वळण ओलांडलं आणि श्वास लागला. ओठ निळे. उजवा हात लाकडासारखा ताठ. ड्रायव्हरने न सांगताच बस थांबवली. म्हणाला, उतरा ताई, नाहीतर इथेच जाईल. त्याला सवय असावी.

रस्त्यावरच्या कुणाच्या तरी हातगाडीवर घालून त्याला परत आणलं. घर दिसायला लागलं तसा त्याचा श्वास सुटला.

१४ मार्च

उरलेली घरं मी केली नाहीत. त्यांनीच ऑफिसात येऊन मतं दिली. सगळ्यांची आमच्या झाडाला. कुणी दुष्ट नाही इथे, हेच सहन होत नाही. बेकरीवाल्याने पाव आणून दिला, पैसे घेतले नाहीत. म्हणाला, तुमचं माणूस आधीच आजारी होतं ना. माझी तर दोन वर्षांची आहे.

मी त्याच्या जागी असते तर? हा प्रश्न मनात येतो आणि मी उठून भांडी घासायला लागते.

१७ मार्च

मुकादम परवा येतोय.

खूण माझ्या हाताची. म्हणजे अजून माझ्या हातात आहे काहीतरी. लाल डबा घेऊन दुपारी रस्त्याने हिंडले. कुणी अडवलं नाही. प्रत्येक झाडाशी थांबले. बेकरीसमोरचं — खाली एक छोटी बाहुली होती. शिंपिणीचं — गोणपाटावर खिसा शिवलाय.

नाही जमलं. लाल डबा उघडलासुद्धा नाही मी. दादाने मला असं वाढवलेलं नाही.

१८ मार्च

सकाळी पांढरा डबा फोडला. आमच्या झाडाला छान जाड पट्टा ओढला, कमरेभोवती पूर्ण, दोन हात दिले. राखीव! आता त्याला कुणाचा बाप हात लावू शकत नाही. दुसरं कुठलंच झाड काढायचं नाही, एक वर्ष तरी. तोवर मार्ग शोधीन. वरच्या ऑफिसात जाईन, ओरडेन.

लोक दारात उभे राहून बघत होते. शिंपीणकाकू रस्ता ओलांडून आली आणि माझ्या पायाशी वाकली. मी तिला उठवलं, म्हटलं, अहो, एवढं काय त्यात.

जीव भांड्यात पडला. दादा आज माझ्या आधाराशिवाय दारापर्यंत आला. पट्टा बघितला. म्हणाला, ‘बरं’. असं बरं मी आधी ऐकलं नव्हतं. दमला असेल.

१९ मार्च

करवतीचा आवाज — आमच्याच दारात —

धावले. मुकादमाचा हात धरला. पांढरा आहे, दिसत नाही का, पांढरा आहे, राखीव! तो गोंधळला. म्हणाला, मॅडम, पांढरंच तर काढायचं. राखायचं ते लाल. खूण तर तुमचीच आहे ना, अजून ओलसर आहे.

ओंडके. वखारीतले. कमरेला —

मी झाडाला मिठी मारली. त्यांनी मला सोडवलं. हळुवारपणे. बायकांनी हात धरून घरात आणून बसवलं. बाहेर उभ्या आहेत. रडताहेत माझ्यापेक्षा जास्त. दार त्यांनीच लावून घेतलंय —

निम्मं कापून ठेवलं तरी जगेल का? कुणाला विचारू —

दादा खुर्चीत. बोटांना पांढरा रंग आहे माझ्या, त्याच्या सदऱ्याला लागला. पुसतेय, निघत नाही. मी केलं रे, दादा. माझ्या हातांनी. दोन हात दिले —

माझा हात धरलाय त्याने. उजव्या हाताने. घट्ट धरलाय! कधीपासून वाट बघत होते या हाताची —

तो रागावलेला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. शाळेत पहिल्या दिवशी सोडताना बघत होता तसा बघतोय.

आवाज थांबला. थांबला! — नाही. बाजू बदलली. खिडकीतून दिसतंय, दोर लावताहेत.

लिहीत राहायचं. लिहितेय तोवर तो आहे. तोंड उघडतोय. माझी समजूत घालायचीय त्याला, डोळे पुसतोय माझे, म्हणतोय, ब