आधी आबांची खुशाली

प्रिय सोनाली,

बुधवारी सकाळी मी नेहमीसारखा उठलो, आंघोळ केली, देवळात जाऊन महादेवाला पाणी घातलं, समई लावली. रोज तिथून मी शेताकडे वळतो. त्या दिवशी वळलो नाही. देवळाच्या पायरीवर आबा काठी टेकून माझी वाट बघत बसले होते. त्यांना हाताला धरून उठवलं आणि आम्ही दोघं बापलेक चालत हरिबाच्या सलूनकडे गेलो. तिथं काय केलं ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे, पण ते ओळीनं सांगतो. त्याआधी एवढं वाचून घे: घरी सगळी खुशाल आहेत. आबा खुशाल आहेत. मी हे लिहितोय आणि ते समोर ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडतायत. फोडलेल्यातल्या निम्म्या खातायत.

तू रागावली असशील. बुधवारपासून तुझा व्हिडिओ कॉल मी घेत नाही, आईला साधा फोन लावायला लावतो. आई सांगते की अप्पा शेतात आहेत, अप्पा देवळात आहेत. ती खोटं बोलायला कच्ची आहे, तुला कळलंच असेल. त्याला कारण आहे.

आधी नातीचं, आपल्या भूमीचं सांगतो. आता दसऱ्याला दोन वर्षांची होईल. कानातली ऐकायची मशीन आता स्वतःहून मागते. सकाळी उठली की डबीकडे बोट दाखवते आणि आपल्या आईपुढं, अर्पितापुढं कान करून बसते. सुरुवातीचे हाल तुला माहीतच आहेत. ओढून काढायची, फेकायची. एकदा एक मशीन दुपारपर्यंत सापडेना, शेवटी शेळीच्या गव्हाणीत निघाली. शेळी बिचारी तिला चाटून बाजूला झाली होती. कान वाढतो तसा कानात बसणारा साचा बदलावा लागतो. मागच्या महिन्यात पुन्हा नवा करून आणला. साचा सैल झाला की मशीन शिट्टी मारते, आणि आबा म्हणतात, “पोरीचा कुकर झाला बघा.”

मला अजून तिच्या जन्माचा आठवडा आठवतो. दवाखान्यातून घरी सोडायच्या आधी एक बाई येऊन झोपलेल्या लेकराच्या कानात बारीकशी नळी धरून गेली आणि मग सांगितलं की दोन्ही कानांची तपासणी पास झाली नाही, पुन्हा दाखवायला या. घरी आल्यावर आबा आपल्या उत्कर्षला किती बोलले. “आरं, लेकरू अजून डोळं उघडंना, आन् तुमी त्याची परीक्षा घेतली? वर नापास बी केलं?” आम्ही सगळे हसलो होतो. कानात पाणी राहिलं असेल, असं आई म्हणाली. तसं असतंही म्हणे पुष्कळ लेकरांच्या बाबतीत. बारसं झालं. आत्या म्हणून तू पाळण्यावर वाकून तिच्या कानात कुर्रर्र केलंस, नाव सांगितलंस, आणि बायकांनी तुझ्या पाठीत रीतीप्रमाणे धपाटे घातले. त्या गोंधळातसुद्धा ती झोपूनच होती.

सव्वा महिन्यानं तिला पहिल्यांदा देवाच्या पायावर घालायला नेलं. आरतीची वेळ. आपल्या देवळातलं ते विजेवरचं नगारा-घंटेचं यंत्र तुला माहीत आहे, मोठी माणसं कानावर हात ठेवतात. भूमी अर्पिताच्या मांडीवर निवांत झोपलेली. विठाबाई म्हणाली, “समाधी लागली गं लेकराला. मागल्या जन्मीचं पुण्य हाय.” बायका पाया पडायला लागल्या तिच्या. मलाही बरं वाटलं, सोनाली. देवाच्या दारात असं शांत लेकरू आपल्या घरात आलं म्हणून. एकट्या अर्पिताचं लक्ष तिकडं नव्हतं. यंत्र वाजत होतं तोवर ती लेकराच्या पापणीकडं बघत होती. घरी आल्यावर पदर सारखा करून माझ्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, “मामंजी, उद्याच दवाखान्यात जायचं. त्यांनी परत बोलावलंय.” समाधी नव्हती ती. पोरीपर्यंत नगारा पोचतच नव्हता.

पुढचं तुला ठाऊक आहे. सोलापूरला झोपेत करायची ती मोठी तपासणी, मग मशीन, मग दर आठवड्याला धाराशिव. निदान झालं त्या दिवशी तू फोनवर रडत म्हणालीस, “अप्पा, मी तिच्या कानात नाव सांगितलं ते गेलंच नाही म्हणजे.” ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. पण डॉक्टर म्हणाले होते की जन्मल्या जन्मल्या तपासलंत म्हणून लवकर कळलं, नाही तर बोलत का नाही म्हणून दोन-तीन वर्षांनी आला असता. हे मी देवापुढं रोज मनात म्हणतो. आभार मानायला दुसरी जागा मला माहीत नाही.

धाराशिवला फरहाना मॅडम तिला ऐकायला-बोलायला शिकवतात. तुझ्याच वयाच्या असतील. त्यांनी भूमीला शिकवलं त्याहून जास्त आम्हाला शिकवलं. लेकराशी बोलताना टीव्ही बंद. जवळ बसायचं, समोर बसायचं, उजेड आपल्या तोंडावर हवा. जे काम चाललंय तेच बोलायचं, पुन्हा पुन्हा बोलायचं. तुझी आई भाकरी थापताना आता गप्प बसत नाही. “थाप, थाप, भाकरी थाप, गरम, फुंकर घाल,” अशी तिची कीर्तनं चालतात. भूमी तिच्या ओठांकडं बघते, कान लावते, आणि फुंकर घालते. ‘आई’ म्हणते, ‘पाणी’ म्हणते, ‘भाकई’ म्हणते. ‘आबा’ तर इतकं मोठ्यानं म्हणते की आबा गल्लीभर सांगत सुटतात.

मला मात्र ती बोटानं बोलवायची. नाकाखाली बोट धरून पीळ द्यायची. म्हणजे अप्पा, म्हणजे मिशी. पाहुण्यांना फार गंमत वाटायची, मलाही आधी वाटली. मग ध्यानात आलं की मी काही विचारलं की ती उत्तर देत नाही, तुझ्या आईकडं बघते. आईनं तेच पुन्हा म्हटलं की तिला कळतं. श्रावणात मी पोथी वाचतो तर शेवटच्या ओळीतल्या म्हाताऱ्यालाही शब्द न् शब्द पोचतो, असं गाव म्हणतं. आणि घरात मांडीवर बसलेल्या लेकराला माझा एक शब्द उमगेना.

फरहाना मॅडमनी एकदा मला समोर बसवून भूमीशी बोलायला लावलं. बघितलं, हसल्या आणि म्हणाल्या, “आजोबा, तुमचा आवाज तिच्यापर्यंत जातोय, पण ओठ मिशीखाली झाकलेत. निम्मं तिला कान सांगतो, निम्मं डोळे. मिशा थोड्या कातरा ना.” मी कातरल्या. पण माझी मिशी कशी आहे तुला माहीत आहे, आबांच्या वडिलांवर गेलेली. आठ दिवसांत पुन्हा ओठावर. मग एका संध्याकाळी मी भूमीला ‘चिमणी, चिमणी’ म्हणून झाडावर दाखवत होतो. तिनं माझ्याकडं बघितलं, दोन्ही हातांनी माझी मिशी धरली आणि पडदा उचलावा तशी वर उचलली. खाली वाकून आत बघत राहिली, शब्द कुठून येतो ते.

मिशी काढायची हे त्या दिवशीच माझ्या मनात ठरलं होतं. पण आपल्यात मिशी आई-बाप गेल्यावरच उतरवतात, बाप असताना एरवी नाही. मी अंधश्रद्धेचा माणूस नाही म्हणतो, तरी एवढी रीत मोडायला धजत नाही. आजी गेली तेव्हा तू सहावीत होतीस. मी नदीवरून बिनमिशीचा आलो आणि तू मला बघून माळवदावर पळालीस. मिशी पुन्हा येईपर्यंत माझ्याकडं नीट बघायचीही नाहीस. मग आबांपुढं जाऊन काय म्हणणार होतो मी? तुम्ही गेल्यावर करायचं ते आज करू का? पिंडीवर पाणी घालताना रोज वाटायचं, आज विचारू. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, मी विचारलं नाही. भूमी माझ्या मांडीवरून उतरून तुझ्या आईकडं जात राहिली.

शेवटी मंगळवारी आबाच बोलले. जेवण झालं होतं, मी भूमीला काही सांगत होतो आणि तिनं पुन्हा मिशी उचलली. आबा बराच वेळ बघत होते. मग तंबाखू मळता मळता म्हणाले, “योगी, ही काढून टाक.” मी म्हटलं, आबा, तुम्ही असताना? तर म्हणाले, “मग कवा? मी गेल्यावर काढणारच हायस की. तवर ही पोरगी मोठी होईल, बोलायचं शिकायचं वय निघून जाईल. तुझं तोंड दिसावं म्हून तिनं काय माझ्या मरणाची वाट बघायची व्हय?” तुझी आई भांडी घासता घासता थांबली होती. आबा तेवढं बोलून तंबाखू तोंडात टाकून झोपायला गेले.

तर बुधवारी हरिबाकडं गेलो ते असं. हरिबा आधी ऐकेना. वस्तरा हातात घेऊन म्हणाला, “आबा, तुमी म्होरं बसल्यालं असताना मी ह्याच्या मिशीला हात लावू? गाव मला दुकान उघडू दील का?” आबा म्हणाले, “म्हून तर म्होरं बसलोय. कोण काय म्हणलं तर माझ्याकडं बोट दाव. लाव साबण.” हरिबानं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि लावला. आबा समोरच्या बाकावर बसून आरशातून माझ्याकडं बघत होते. झाल्यावर म्हणाले, “माझ्या बापासारखा दिसायचास, आता तुझ्या आईसारखा दिसतोस.”

तोंड पुसत मी आधी बाहेर आलो. नेमकी विठाबाई दुधाची किटली घेऊन चाललेली. माझं तोंड बघितलं, किटली खाली ठेवली, पदर तोंडाला लावला आणि सुरूच केलं, “आगं बाई, आबा गेलं का वं, कवा गेलं, काल तर बोललं हुतं माझ्यासंगं.” मागून आबा काठी आपटत बाहेर आले. “विठे, रडायचं ऱ्हाऊ दे. जायचा असतो तर तुला सांगून गेलो असतो.” त्या बाईला हसावं की रडावं कळेना. दिवसभर गावातली माणसं काही ना काही निमित्तानं आबांना बघून गेली, आणि आबांनी प्रत्येकाला चहा पाजून सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. इतके खुशीत मी त्यांना फार दिवसांत बघितलं नव्हतं.

घरी काय झालं ते ऐक. मी दारात पाय ठेवला आणि भूमी मला बघून किंचाळली. परका माणूस. अर्पिताच्या पायाला मिठी मारून तोंड लपवून बसली. मी मनात म्हटलं, महादेवा, ज्याच्यासाठी केलं तेच उलटं झालं. तिच्या बोटावरचं माझं नाव मीच पुसून आलो. ती पाठमोरीच होती. मी उंबऱ्यापाशी खाली बसलो आणि हाक मारली, “भूमी.” ती हलली. पुन्हा मारली. तिनं वळून माझ्याकडं बघितलं, माझ्या मागं दाराकडं बघितलं, अप्पा कुठं लपलेत म्हणून. मग तिसऱ्यांदा “भूमी” म्हटलं तेव्हा ते माझ्याच तोंडातून येतंय हे तिला दिसलं. सावकाश चालत आली. माझ्या ओठावर बोट ठेवलं. आणि स्वतःच्या नाकाखाली बोट नेऊन पीळ दिला.

ओठ दिसावेत म्हणून मी मिशी काढली, सोनाली, आणि तिनं मला ओळखलं आवाजावरून. मी मग ‘अप्पा’ म्हटलं, ओठ मिटून, उघडून. तिनंही ओठ मिटले आणि उघडले. आवाज आला नाही. फरहाना मॅडम म्हणतात, येईल. मिशी गेली तरी बोटाचा पीळ ती अजून देतेच, आणि मला तोही राहू दे असं वाटतं. पण आता माझ्या मांडीवरून उतरत नाही. बारशाला तू जे तिच्या कानात सांगितलंस ते वाया गेलं नाही, उशिरा पोचलं इतकंच. येशील तेव्हा तिच्यासमोर उजेडात बस आणि पुन्हा एकदा कुर्रर्र कर.

आता पत्राचं कारण. बुधवारी आपला समद टेम्पोत कांदा भरायला आला होता, त्यानं मला असा बघितला. उद्या तो उमरग्याला माल घेऊन येतोय, तुझ्या दारावरून जाणार, आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. त्याच्या तोंडून ऐकून किंवा फोनवर माझं तोंड बघून तू आजीच्या वेळेसारखी पळत सुटू नयेस, रडत एसटीत बसू नयेस, म्हणून हे त्याच्याच हाती देतोय. आधी पत्र दे, मग बोल, असं बजावलंय त्याला. वाचून झालं की व्हिडिओ कॉल लाव, आता मी घेईन. भूमी मांडीवर असेल, आबा शेजारी असतील, आणि मधे बिनमिशीचा जो दिसेल तो मीच. मी मिशी काढली आहे. आबांच्या हयातीत, आबांच्या सांगण्यावरून.

तुझाच,
अप्पा