सुजातेचा ओठ

पुणे,
१६ एप्रिल २०२५

ती. बाबा,
सप्रेम जय भीम.

मी मजेत आहे. तुम्हीही असाल, आणि नसलात तरी उलट टपाली "मजेत" असंच लिहाल, हे मला ठाऊक आहे. कूलरमध्ये पाणी तुम्ही भरू नका, बादली उचलायला अतुल आहे. डोळ्यांत थेंब घालता ना? की बाटली नुसती फळीवर शोभेला ठेवली आहे?

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही, आणि तुम्ही कबूल करत नाही. काहीही विचारलं की "हो हो". म्हणून पत्र लिहिते. तुम्हाला माझं अक्षर तपासायला मिळेल, तेवढाच वेळ जाईल.

जयंतीला येता आलं नाही, त्याचं वाईट वाटलं. अतुलनं मिरवणुकीचा व्हिडिओ पाठवला. एवढ्या फ्लेक्सच्या गर्दीत गेटवरची अक्षरं तुमची आहेत हे मी लगेच ओळखलं. इथे सगळ्यांना दाखवत फिरले.

सध्या माझ्या टेबलावर एक ताडपत्राची पोथी आहे. एका घराण्यानं आमच्या ग्रंथभांडाराकडे दुरुस्तीला दिली आहे. बौद्ध पोथी, नऊशे वर्षांची, पूर्वेकडच्या कुठल्याशा विहारात तयार झालेली. पान हातभर लांब आणि जेमतेम चार बोटं रुंद. तुम्ही पाहिलंत तर म्हणाल, एवढ्याशा जागेत माणूस काढतो काय आणि रंगवतो काय! पण काढलंय. आधी लिहिणारा बसायचा. तो ओळी लिहीत जायचा आणि मध्ये चौकोनी जागा कोरी सोडायचा. मग पान चित्रकाराकडे जायचं. तो आधी बारीक लाल रेघेनं आकार काढायचा आणि मग रंग भरायचा. हरताळाचा पिवळा, हिंगुळाचा लाल, नीळ, पांढरा, काजळाचा काळा. हिरवा वेगळा नाहीच, नीळ आणि हरताळ मिसळून केलेला. तुम्हीही डबा संपला की निळ्यात पिवळा घालून एसटीच्या थांब्यावर झाडं रंगवता, ते आठवून मला हसू आलं. शेवटी काळी रेघ, आणि अगदी शेवटी डोळे.

माझं काम एवढंच, की जिथे रंगाचा पापुद्रा सुटलाय तिथे केसाएवढ्या ब्रशनं डिंक सोडायचा आणि तो परत बसवायचा. दिवसाला नखाएवढी जागा होते. तुम्ही एका दिवसात अख्खा ट्रक रंगवता!

एका चित्रात गंमत सापडली. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर दोन माणसांचे हात दिसतात. खालची लाल रेघ उस्तादाची, सरसर गेलेली. वरची काळी रेघ कोणा शिकाऊ माणसाची, जाड आणि भीतभीत ओढलेली. उस्तादानं मान जराशी कललेली काढली होती, यानं ती सरळ करून टाकली. मी आमच्या तमन्ना मॅडमना विचारलं, वरची रेघ हलकी करता येईल का? खालची किती सुंदर आहे! त्या म्हणाल्या, "आपण सुटलेला रंग चिकटवायचा. कोणाचा हात बरोबर, हे ठरवायला आपल्याला इथे बसवलेलं नाही."

बाबा, माझे कान तापले. त्यांना काही माहीत नव्हतं, त्या सहज बोलल्या. पण मला माहीत होतं.

रविवारी अतुलनं सांगितलं, की आपल्या विहारात टाइल्स बसवणार आहेत. बुद्धपौर्णिमेच्या आत, म्हणजे बारा मेच्या आधी. भिंतीला ओल येते म्हणून समितीच्या गोविंदाकाकांनी टाइल्स आणूनही ठेवल्या आहेत. ज्या भिंतीवर तुमची चित्रं आहेत तीच भिंत. अतुल म्हणाला, "काकांनी बाबाले विचारलं. बाबा म्हणे, लावा."

एवढंच. "लावा." तीन महिने फुकट राबायचं, आपला ब्रश, आपला रंग, आणि शेवटी "लावा".

इथपर्यंत लिहून मी दोनदा चहा केला. खिडकीतल्या कुंडीला पाणीही घातलं. आता लिहितेच.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. तुम्ही भिंतीवरचं सहावं चित्र संपवलं होतं, तपस्व्याला खीर देणारी सुजाता. मग कोळशाचे ट्रक रंगवायला चार दिवस वणीला गेलात. मी अजिंठ्याची सहल करून आले होते आणि डोक्यात हवा गेली होती. सुजातेचा चेहरा मला खटकला. नाक बसकं, आणि वरचा ओठ डावीकडून उचललेला, खालून एक दात दिसायचा. मला वाटलं, बाबांचा हात चुकला. मी विहाराची किल्ली आणली आणि दोन दुपारी बसून तो चेहरा नीट केला. नाक बारीक केलं, पापण्या खाली आणल्या, ओठ सरळ केला.

तुम्ही आलात, खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती. भिंतीपुढे बराच वेळ उभे राहिलात. मग म्हणालात, "चांगलं केलं, बेटा." ब्रश धुऊन डब्यात ठेवलेत, आणि त्यानंतर त्या भिंतीला हात लावला नाहीत. सातव्या चित्राच्या पेन्सिलच्या रेघा अजून तशाच आहेत.

मला तेव्हा वाटलं, तुम्ही दमलात. नाही, हे खोटं लिहिलं. मला वाटलं, माझं काम पाहून तुम्हाला कमीपणा आला. आणि बाबा, मला तेव्हा थोडं बरंही वाटलं. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

या जानेवारीत मोठ्या मावशीकडे गेले होते. तिनं पेटीतून एक फोटो काढून दिला, तिच्या लग्नातला. आपल्या घरी आईचा एकच फोटो आहे, मतदान कार्डावरचा मोठा केलेला. त्यात ती तोंड घट्ट मिटून बसली आहे. मी तीन वर्षांची असताना ती गेली, अतुल तर मांडीवर होता. मला आई म्हणजे तेच मिटलेलं तोंड. मावशीच्या फोटोत ती हसते आहे. कोणीतरी काहीतरी बोललं असेल आणि तिला हसू आवरलेलं नाही. नाक बसकं आहे. वरचा ओठ डावीकडून उचललाय, आणि एक दात दिसतो.

मी हातातलं जेवणाचं ताट खाली ठेवलं. मावशीला वाटलं, मला आईची आठवण आली. आठवण कसली! मी तिला पुसलं होतं. तुम्ही सोळा-सतरा वर्षं तो ओठ मनात जपून ठेवला होता, आणि मी दोन दुपारी बसून तो सरळ केला.

तीन महिने हे पोटात ठेवलंय. दर रविवारी फोनवर कूलर आणि डोळ्यांचे थेंब विचारत राहिले.

आता ऐका. माझा रंग अॅक्रिलिक होता, तुमचा ऑइल पेंट. माझा थर स्पिरिटनं नरम पडतो, तुमचा जागेवर राहतो. मी पत्र्याच्या तुकड्यावर दोन्ही रंग देऊन करून पाहिलंय. कापसाच्या बोळ्यानं, तांदळाएवढी जागा घेत घेत, पाच दिवसांत अख्खा चेहरा मोकळा होईल. खाली ती असेल, बाबा. जशी तुम्ही काढली तशी.

मॅडमचं वाक्य मला पाठ झालंय. पण नऊशे वर्षांपूर्वीच्या उस्तादाला काही विचारता येत नाही. तुम्हाला येतं. म्हणून विचारते. काढू का?

तीन मेपासून रजा टाकली आहे. तुम्ही फक्त गोविंदाकाकांना तीन फूट भिंत सोडायला सांगा. नाही म्हणालात तरी मी येईन, नुसती तुमच्याजवळ बसेन. पण उत्तर लिहून पाठवा. फोनवर तुम्ही "हो हो" म्हणाल, आणि मला ते चालणार नाही.

पोथीच्या शेवटच्या पानावर लिहिलंय, की या कामातून जे पुण्य होईल ते गुरूला आणि आईवडिलांना पुढे ठेवून सगळ्या जीवांना मिळो. माझ्या त्या दोन दुपारच्या कामाचं काय होत असेल, कोण जाणे.

रागवा, पण लिहा.

आईला न ओळखलेली,
तुमची दीपा


राळेगाव,
२३ एप्रिल

चि. दीपाले बाबाचा जय भीम.

पत्र काल भेटलं. मजेत आहो. अक्षर सुधारलं तुहं, पण ओळ उजवीकडे वर चढून राह्यली. खाली पट्टी ठेवत जा. थेंब घालतो. बाटली अर्धी झाली, अतुलले विचार.

मले बोलतो तसंच लिहिता येते, तसंच लिहितो.

त्या दिवशी मी पिशवी घेऊन उभा होतो तवाच सारं समजलं. तुहा रंग कच्चा होता. ओला फडका मारला असता तर निघून गेला असता. नाही मारला. काहून, तर तू दारात उभी होती नं भिंतीकडे नाही, माह्या तोंडाकडे पाहून राह्यली होती. मी तवा म्हटलं असतं का बाई, हे तुही माय होय, तर तू जन्मात ब्रश धरला नसता. माय तर गेलीच होती. पोरगी कायले घालवू?

नं चांगलं केलं म्हटलं ते खोटं नव्हतं. काम साफ होतं. माह्याहून साफ.

पुढचं चित्र मी रागानं सोडलं असं तुले वाटते. तसं नाही. तुह्या मायचा, कौसल्याचा चेहरा मले काढाचा होता, पण हात भेत होता. म्हणून पहिले पाच चित्रं काढले. सराव होय तो. सहाव्यात ती जमली. मग भिंतीवर काढाले माह्याजवळ काही उरलंच नाही. कमीपणा-बिमीपणा काही नाही. तुले बरं वाटलं ना तवा, वाटू दे. त्या वयात वाटाचंच.

'लावा' काहून म्हटलं ते सांगतो. ओल वर चढून राह्यली. खालच्या दोन चित्रांचे पोपडे पडले. पहिले तुहा रंग पडला असता, मग तिचा. तुम्ही दोघी रोज थोड्या थोड्या खाली पडता, ते पाहाची माही हिंमत नव्हती. झाकलेलं बरं वाटलं. पण तू सुटलेला रंग चिकटवते म्हणते. मले वाटे तू तिथं पोथ्या वाचते. हे काम करते हे मले समजलंच नव्हतं, फोनवर सांगतलं असन तर मी हो हो म्हटलं असन.

काल गोविंदाकडे गेलतो. म्हटलं तीन फूट सोड. तो म्हणे, काहून? म्हटलं, पोरगी येऊन राह्यली. तो म्हणे, मग चार सोडतो.

आता तुह्या सवालाचं उत्तर. अख्खा चेहरा काढू नको. नाक राहू दे. तिले आपल्या नाकाची लाज वाटे, तू काढलेलं पाहून खुश झाली असती. पापण्या राहू दे, त्या तुले चांगल्या जमल्या. ओठ तेवढा मोकळा कर. तो तिचा होय, तो मले पाहाचा आहे, डोळे आहेत तवर.

तुह्या पोथीतल्या त्या शिकाऊ माणसाची रेघही तशीच राहू दे. त्याच्या उस्तादानं पाह्यलीच असन. पाहून ठेवली असन.

घरात तुम्हा दोघींचा एकत्र फोटो नाही. तू पोटात होती तवा एक काढाचा होता, राहून गेला. मी आठ वर्षं त्या भिंतीपुढे बसतो, ते त्याच्यासाठी. खाली ती, वर तू. साऱ्या दुनियेत तेवढा एकच आहे, तो फाडू नको.

तीन तारखेले ये. स्टुलाचा एक पाय हलते, मी धरून बसतो.

तुम्हा दोघींचा,
धर्मपाल